शेरा : वाचक नाही

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांची यादी जिल्ह्याच्या कार्यालयात तुमच्या टेबलावर आली, तुम्ही एक कपाटही उघडून बघितलं नाही, शेवटच्या रकान्यात 'वाचक नाही' असा शेरा मारला, खाली सही ठोकली आणि गाडीभर पुस्तकं लगद्याला धाडली. त्या पुस्तकांना वाचक होता. एकच होता, पण पक्का होता. तिचं नाव सकीना. ती मेली, त्यामुळे तुमच्या दारात येऊन तुम्हाला खोटं पाडणार नाही. तिचा नवरा तीनदा आला. त्याला तुम्ही बाकावर बसवून ठेवलं आणि मागच्या दाराने जेवायला गेलात. म्हणून ही गोष्ट इथे मांडावी लागते आहे. बसा आणि ऐका.

तिचा नवरा निजाम विसरवाडीला पुस्तकं बांधतो. महामार्गालगत टायरवाल्याच्या मागे त्याची दहा बाय बाराची खोली आहे. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत खळीचा वास. बापाकडून आलेला, पुस्तकं दाबून धरायचा लाकडी शिकंजा, दोन दाभणं, सुताची गुंडी, पुठ्ठा कापायची सुरी, एवढा संसार. शाळांची हजेरीपत्रकं, दर्ग्यातली कुराणं, चर्चमधली गाण्यांची पुस्तकं, सगळ्या धर्मांच्या पाठी त्याने शिवल्या. आणि बांधायला येत ती जवळच्याच एका गावच्या वाचनालयातली पुस्तकं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिथला ग्रंथपाल, त्याला गिरधर म्हणू, भला माणूस आहे आणि त्याची नोकरी अजून शिल्लक आहे.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या निजामला मराठी वाचता येत नाही. मदरशात उर्दूची अक्षरं गिरवली, तेवढीच. मराठी आकडे येतात, त्यावर पानं लावतो. हाताने लिहिलेलं मराठी म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. याची त्याला कधी लाज वाटली नाही. चांभार काय सगळ्या चपला घालून बघतो का, असं तो म्हणायचा.

वाचायची ती सकीना. सारंगखेड्याची पोर, बाप नालबंद. घोड्यांच्या यात्रेत बापाच्या शेजारी बसून खिळे मोजून द्यायची आणि बाकीचं वर्ष मराठी शाळेत जायची. सातवी झाली आणि लग्न झालं. विसरवाडीला आली, खळ शिजवायला शिकली. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं. खळ निवेपर्यंत तिच्याकडे अर्धा तास रिकामा असे, आणि त्या अर्ध्या तासात तिने आयुष्यभर कादंबऱ्या वाचल्या.

पण तिचं वाचणं तुमच्या-आमच्यासारखं नव्हतं. बांधायला आलेलं पुस्तक निजाम आधी उसवतो. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. ज्या फर्म्याची घडी फाटलेली तो आधी दुरुस्तीला बाजूला पडतो, आणि जो बाजूला पडला तो सकीना उचलायची. म्हणजे कधी मधलं आधी, कधी शेवटचं आधी. एकदा रहस्यकथेचा शेवटचा फर्मा पहिल्यांदा हाती लागला. तो वाचून ती म्हणाली, "खून कोन्ही करा ते समजनं, आते मरना कोन ते देखू." दोन दिवस ती मेलेला माणूस शोधत होती. सापडला तेव्हा म्हणाली की हा मेला ते बरंच झालं, खुन्याला उगाच धरलं.

निजाम सूत ओढत असायचा आणि ती बोलत असायची. राजा-महाराजांची जाडजूड कादंबरी आली. तीन दिवस, तीन रात्री घोडदौड. नालबंदाची लेक ती, तिला कसं पटावं? "तीन दिन घोडं पळस अन् एक नाल निंघत नही. लिखणाऱ्यानी घोडाले कधी गवत बी टाकेल नही." प्रेमाची कादंबरी आली. थंड हवेच्या गावातले दोघं दोनशे पानं एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. ती म्हणाली, ही जेवतात कधी, आणि जेवली तर ताट कोण उचलतं तेवढं लिहिलं असतं तर प्रेम आहे की नाही ते मी सांगितलं असतं. भुताच्या कादंबरीतली बाई मोठ्या बंगल्यात एकटी राहते आणि भूत दिसल्यावर किंचाळते. सकीनाला त्या बाईचा राग आला. एवढ्या घरात बोलायला कोणी आलं तर आपण चहा टाकला असता, म्हणाली. शंभर वर्षांनंतरच्या जगाची एक कादंबरी होती. तिच्यात घरकाम करणारं यंत्र होतं आणि त्या यंत्राला बाईचं नाव होतं. त्यावर ती हसली नाही. फर्मा खाली ठेवून खळ ढवळायला गेली. आणि डोंगरातल्या माणसांवरची एक आली, शहरातल्या कोणी लिहिलेली. तिच्यात सगळे संध्याकाळ झाली की नाचतात. सकीना बांगड्या विकायला बहिणीबरोबर मोलगीच्या बाजारात बसलेली होती. ती म्हणाली, हे सगळे नाचायला गेले तर डोक्यावर ओझं घेऊन चार तास डोंगर उतरून येतं ते कोण? माझ्याकडून बांगडी घेताना जिचा हात थरथरत होता ती कोण?

साहेब, असा वाचक तुमच्या किती सभासदांत आहे?

कागदांची रीत कशी पडली तेही ऐका. बाइंडरच्या घरात कागद फेकत नाहीत. जुनं अस्तर, कॅलेंडरचं पान, लग्नपत्रिका, जे कोरं दिसेल ते पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अस्तराखाली चिकटवतात, पुठ्ठा वाकत नाही. त्या खुनाच्या कादंबरीवर सकीनाने एका जुन्या अस्तराच्या कागदावर काहीबाही लिहून ठेवलं आणि भाकरी टाकायला गेली. निजामने तो कागद खळ लावून पुठ्ठ्याला बसवला आणि वर नवं अस्तर चढवलं. ती परत येऊन शोधू लागली. "तुम्ही मन्हं लिखेल चिकटाडी टाकं का?" निजामचा चेहरा पडला. पुस्तक उघडतो म्हणाला. तिने विचार केला आणि हसली. "ऱ्हाऊ द्या तठेज. पुस्तकना पोटमा ऱ्हाई."

तेव्हापासून ती रीतच झाली. कादंबरी वाचून झाली की ती एक कागद लिहायची आणि निजामच्या पुढ्यात ठेवायची. "चिकटाडा," एवढंच म्हणायची. तो चिकटवायचा. काय लिहिलंस, असं त्याने एकदाही विचारलं नाही. तोंडाने तर रोज ऐकतोच आहे, वेगळं काय असणार, असं त्याला वाटायचं. पुस्तकं वाचनालयात परत जायची, कपाटात बसायची आणि कोणी न्यायचं नाही. सकीना सभासद नव्हती. बांधणाऱ्याच्या बायकोला सभासद कशाला व्हावं लागतं? पुस्तक तिच्याकडे उघड्या अंगाने यायचं. तुमच्या नोंदीत मात्र ते न वाचलेलंच राहायचं.

आता ती दवाखान्याची कादंबरी. हीच गोष्ट आहे, बाकी सगळं तिथे पोचायची वाट होती.

दोन वर्षांपूर्वी, गुरुवारचा दिवस. सकीनाने त्या कादंबरीवरचा कागद ठेवला तेव्हा नेहमीसारखं 'चिकटाडा' म्हणाली नाही. चार घड्या घातलेला कागद शिकंज्याच्या फळीवर ठेवला, वर दाभण ठेवलं आणि म्हणाली, "हाई आज चिकटाडू नका. उद्या शुक्रवारले आफशीन येई, तिन्हाकडथून वाची ल्या. मंग चिकटाडा." आफशीन त्यांची मुलगी, सहा महिन्यांपूर्वी बारडोलीला दिलेली. निजाम बरं म्हणाला.

दुपारी गिरधरचा फोन आला. साहेब, तुमचा दौरा होता. उद्या सकाळी तपासणी, एकही पुस्तक बाहेर दिसता कामा नये, जीप पाठवलीय, निजामभाई, जेवढी असतील तेवढी द्या. निजामने हात चालवला. दहा-बारा पुस्तकं अस्तराला राहिली होती. हाताला चाळीस वर्षांची सवय. दवाखान्याच्या कादंबरीचा पुठ्ठा समोर आला, हात फळीवर गेला, दाभण बाजूला झालं, घडी उलगडली, खळ लागली, कागद बसला, अस्तर चढलं. पुस्तक शिकंज्यात आवळल्यावर त्याला आठवलं. खळ ओली होती. तेव्हाच उचकटलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण जीपवाला दारात हॉर्न वाजवत होता. निजामने मनात म्हटलं, जाऊ दे, घोड्या-बिड्यांचंच काहीतरी असणार.

शुक्रवारी तुम्ही आलात, कपाटं लांबून बघितलीत, चहा घेतलात आणि गेलात. आफशीन आली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

शनिवारी जेवताना सकीनाने विचारलं, "वाचं का तो कागद?"

निजामला सांगायची लाज वाटली. "हां," तो म्हणाला, "वाचं."

"मंग?"

"मंग काय. चांगलं लिखं शे."

ती "बरं" म्हणाली आणि ताटं उचलली.

पुढे आठ महिन्यांनी ती खळ घोटता घोटता खाली बसली. सुरतेच्या दवाखान्यात नेलं. छातीत गाठ होती, काखेत उतरली होती, हाडांत गेली होती. डॉक्टरने हिंदीत विचारलं, कधीपासून आहे? निजाम म्हणाला, दोन-तीन महिने झाले असतील. सकीनाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ते बघणं त्याला कळलं नाही. दुखत असेल, असं वाटलं. तिने त्याचं उत्तर तसंच राहू दिलं. तीन महिन्यांनी ती गेली. शेवटपर्यंत त्याच्यावर एकदाही चिडली नाही, एकदाही त्याचा हात धरला नाही.

चाळिसावा झाला. पाहुणे गेले. घर रिकामं झालं तेव्हा निजामला पहिल्यांदा कागदांची आठवण झाली. सकीनाचं बोलणं वाऱ्यावर गेलं होतं, पण लिहिलेलं तर आहे. पुस्तकांच्या पोटात आहे. कोमट पाणी, ओलं फडकं, बोथट सुरी, आणि एकेक कागद सोडवता येईल. आफशीन वाचून दाखवेल. बाई पुन्हा घरात बोलू लागेल. त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि वाचनालयात गेला.

कपाटं रिकामी होती.

गिरधर त्याच्याकडे बघेना. यादी दाखवली. पाच वर्षांत ज्या पुस्तकाची देवघेव नाही ते काढून टाका असा वरून आदेश, निजामभाई, मी काय करू. नऊ दिवसांपूर्वी गाडी भरून गेली. निजामने विचारलं, हे शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय? गिरधरने वाचलं, 'वाचक नाही'. निजामने पुन्हा वाचायला लावलं. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत गेला, इथे? 'वाचक नाही'. इथे? तेच. खाली तेच. शेवटी गिरधरने यादी मिटली. "नका ना निजामभाई," तो म्हणाला, "मी सकीनाभाभीच्या हातचा चहा प्यायलोय."

गाडी कुठे गेली ते गिरधरला माहीत नव्हतं. ते वरच्यांना माहीत. निजाम एस.टी.ने नंदुरबारला तुमच्याकडे आला. पहिल्या वेळी तुमच्या बाबूने विचारलं, तुम्ही सभासद आहात का? नाही. मयत सभासद होती का? नाही. मग तुमचा संबंध काय? दुसऱ्या वेळी म्हणाला, सरकारी पुस्तकात खाजगी कागद चिकटवले हे तुम्ही कबूल करताय, उलट तुमच्यावरच केस होईल. तिसऱ्या वेळी नुसता हात दाखवला. बाकावर बसा, एवढंच.

शेवटी मदत केली ती गिरधरनेच. नोंदवही चाळून त्याने सांगितलं की एक पुस्तक गाडीत गेलेलं नाही, कारण ते कपाटात नव्हतंच. तुमच्या तपासणीनंतर दुसऱ्याच आठवड्यात नवापूरकडच्या डोंगरपट्टीतल्या एका आशाताईने नेलं, ग्रेसी नावाची. तिने ते परतच केलं नाही. गोष्ट दवाखान्याची आहे म्हणून कौतुकाने घेऊन गेली होती. जी पुस्तकं नेमाने कपाटात बसून राहिली ती लगद्यात गेली. जिने बुडवलं तिच्याकडे वाचलं. हा तुमच्या कारभाराचा न्याय.

निजाम जीपने गेला. ग्रेसीचं घर शेताच्या बांधावर, अंगणात कौलांच्या सावलीत भाताची पोती. तिला वाटलं वाचनालयाचा माणूस वसुलीला आला. "चाचा, दंड किती झाला?" तिने आधीच विचारून टाकलं. कामाचं निमित्त सांगितलं, बाळंतपणं सांगितली, निम्मी वाचून झालीय हेही सांगितलं. निजाम म्हणाला, दंड नको, कोमट पाणी दे बेटा.

तिने पातेलं आणून दिलं. त्याने पुस्तक मांडीवर घेतलं. स्वतःच्या हातचं काम होतं, पाठ अजून ताठ. फडकं भिजवून, पिळून अस्तरावर ठेवलं आणि वाट बघितली. खळ ज्या हातांनी शिजवली होती ते हात आता नव्हते, पण खळ चांगली शिजली होती, सहज सुटेना. दुसऱ्यांदा फडकं ठेवलं. मग कोपऱ्यातून सुरी सरकवली. अस्तर निघालं, खालचा कागद दिसला. निळी बॉलपेन, एकही अक्षर फुटलेलं नव्हतं. त्याने तो दोन्ही तळव्यांवर घेऊन ग्रेसीपुढे धरला.

ग्रेसी शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचू लागली.

"ही कादंबरी दवाखान्याची आहे. लिहिणारा हुशार आहे. औषधांची नावं बरोबर लिहिली असतील. पण यातल्या बाईच्या हाताला छातीत गाठ लागते आणि ती लगेच नवऱ्याला सांगते, आणि नवरा त्याच पानावर गाडी काढतो. असं होत नाही. बाई आधी पीठ मळते. मग म्हणते, ईद जाऊ दे. मग म्हणते, पोरीचं लग्न होऊ दे. मग..."

ग्रेसी थांबली. आशाताई होती ती. पुढची ओळ तिच्या डोळ्यांनी आधीच वाचली होती. "चाचा, घरी जाऊन मुलीकडून वाचून घ्या," ती म्हणाली.

"तू वाच," निजाम म्हणाला.

"मलाही तशीच लागली आहे. डाव्या बाजूला, बोराएवढी, दुखत नाही. आफशीनच्या अब्बांना तोंडाने सांगता येत नाही. पोरीलाही तोंडावर सांगता येत नाही, तिचे दिवस नाजूक आहेत. म्हणून लिहिलं. पोरगी वाचेल, अब्बा ऐकतील, मला समोर बसावं लागणार नाही. मला दवाखान्यात न्या. खर्चाला माझ्या पाटल्या आहेत. कादंबरीतली बाई शेवटी मरते. ते मला आवडलं नाही. लिहिणाऱ्याने तिला वाचवायला पाहिजे होतं. पानं शिल्लक होती."

खाली तारीख होती. ग्रेसीने तीही वाचली. त्याच गुरुवारची.

निजामने ओलं फडकं पिळून पातेल्याच्या काठावर ठेवलं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मग तो म्हणाला, "तिनी इचारं. मी हां म्हंतं." ग्रेसीला काही उमगलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, आता मराठीत, कोर्टात साक्ष द्यावी तसं. "तिने विचारलं, वाचलं का. मी हो म्हणालो. म्हटलं, चांगलं लिहिलंस."

ग्रेसीने कागद हळूच त्याच्या मांडीवर ठेवला.

सकीनाच्या हिशेबी निजामला सगळं कळलं होतं. गाठ कळली होती, पाटल्या कळल्या होत्या, आणि तो म्हणाला होता, चांगलं लिहिलं आहे. मग भाकरी मोडून खाल्ली होती. तिने त्यानंतर कधी विषय काढला नाही. नवऱ्याला आपल्यावर खर्च करायचा नाही, असं समजून ती आठ महिने त्याच्यासाठी खळ घोटत राहिली. सुरतेत तो 'दोन-तीन महिने' म्हणाला तेव्हा तिने मान का वळवली, ते त्याला ग्रेसीच्या अंगणात कळलं.

निजामची चूक निजामची आहे, साहेब. ती तो तुमच्यावर ढकलत नाही. तपासणी नसती तर, जीप नसती तर, असलं काही त्याने तोंडातून काढलं नाही. हात त्याचा, खळ त्याची, खोटंही त्याचंच. त्याची शिक्षा तो भोगतो आहे. त्या दिवसापासून त्याने शिकंजा आवळून ठेवलाय, तो उघडलेला नाही.

पण हिशेब तिथे संपत नाही. त्या गुरुवारनंतरही सकीना वाचत होती. खाली बसेपर्यंतच्या आठ महिन्यांत तिने नऊ कादंबऱ्या वाचल्या आणि प्रत्येकीवर एक कागद लिहिला. आता फार बोलत नव्हती. कागद पुढ्यात ठेवायची, "चिकटाडा" म्हणायची आणि आत जायची. निजामने नऊही कागद चिकटवले, खळ सारखी पसरून, एकही बुडबुडा न ठेवता. नऊही पुस्तकं तुमच्या गाडीत गेली.

त्या नऊ कागदांत काय आहे? तिने त्याला शिव्या दिल्या आहेत का? दिल्या असतील तर त्या ऐकायचा हक्क त्याचा आहे. तिने त्याला माफ केलं आहे का? की नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही, आणि नुसतं लिहिलंय की हा घोडा लंगडा आहे, हे भूत खोटं आहे, ही बाई पान दोनशेवर मरायला नको होती? निजाम म्हणतो, शेवटचं असेल तर सगळ्यात वाईट. पण तेही चालेल. तेही तिचंच बोलणं.

ग्रेसीने त्याच्या सांगण्यावरून अर्ज लिहून दिला आहे. तुमच्या आवक-नोंदीचा त्यावर शिक्का पडलाय. त्यात नुकसानभरपाई मागितलेली नाही, कोणाला शिक्षाही मागितलेली नाही. दोनच गोष्टी आहेत. त्या यादीतला 'वाचक नाही' हा शेरा तुमच्याच हाताने खोडा आणि तिथे लिहा, वाचक एक, सकीना, राहणार विसरवाडी. आणि गाडी कुठल्या कारखान्यात गेली त्याचा पत्ता द्या. निजाम तिथे जाईल. लगदा झाला असेल तर हौदाच्या काठावर उभा राहील. झाला नसेल तर ढिगात बसून एकेक पुठ्ठा उघडेल. पुस्तकाला हात लागला की ते आपण बांधलेलं आहे हे त्याला डोळे मिटून कळतं.

साहेब, तुम्हीही आता वाचलं आहे. वाचलं, चांगलं लिहिलंय, असं म्हणून ताट पुढे ओढू नका. गाडी कुठे गेली ते सांगा.